आप्पांची मिशी आणि खारोड्यांचा डबा

म्हाळू आप्पांनी आपली मिशी पणाला लावली तेव्हा त्यांची सून राजश्री घरात भाकरी थापत होती. पैज लागली किराणा दुकानासमोर, मिशी सासऱ्याची, आणि कामाला जुंपली जाणार होती सून, जिला कुणी विचारलंच नव्हतं. केंदूरच्या कोळपेवस्तीवर मोठे निर्णय बहुतेक असेच होतात.

सगळ्या भानगडीचं मूळ शेळीत होतं.

राजश्रीचा रोहन नुकताच पहिलीतून दुसरीत गेला होता आणि सुट्टी लागल्यापासून कुरकुरीत खाऊच्या पुडीवर जगत होता. वस्तीवर बापूसाहेबांचं दुकान आहे, त्याच्या दाराला या पुड्यांच्या माळा लटकतात. चकचकीत, फुगलेल्या. आत चमचाभर माल आणि बाकी हवा. माळा लटकतात त्याही बरोबर सात वर्षांच्या पोराच्या नाकासमोर. त्यामुळे रोहनची जीभ कायम नारिंगी असायची. भाकरी दिसली की त्याच्या पोटात दुखायचं आणि पुडी दिसली की राहायचं. दुकानावरून जाताना त्याला ओढत न्यावं लागायचं. राजश्रीचा उजवा हात डाव्यापेक्षा लांब झालाय असं तिला हल्ली वाटायला लागलं होतं.

आप्पांनी उभं आयुष्य मेंढरं राखली. आता मेंढरं विकून कांदा लावतात, पण कुठलाही अवघड प्रश्न आला की ते अजून जनावरालाच विचारतात. त्या दिवशी त्यांनी रोहनच्या हातातली फोडलेली पुडी घेतली आणि दावणीच्या शेळीपुढं टाकली. शेळीनं पुडी खाल्ली आणि आतला माल तसाच ठेवला.

आप्पा उठले ते थेट दुकानात.

"बापूसाहेब, तुमचा माल शेळी खाईना."

"शेळीला काय कळतंय, आप्पा?"

"पुडी खाल्ली की तिनं."

"मग आवडली म्हणायची!"

"कागूद आवडला. माल न्हाई. आन् तुम्ही पोरांना माल चारताय."

बापूसाहेब तसे सरळ मनाचे गृहस्थ. वजनात कधी खोट नाही, वाणसामान नेऊन नासकं निघालं तर परत घेणार. ते शांतपणे म्हणाले, "पोरं मागत्यात म्हणून मी आणतो. घरचं खात असती तर मी काय शोभेला टांगलंय व्हय?"

"घरचं करून घातलं तर खात्यात."

"न्हाई खात."

"खात्यात."

"आप्पा, न्हाई खात."

"न्हाई खाल्लं तर ही मिशी उतरवतो!"

दुकानासमोर लिंबाच्या पारावर बसलेली माणसं उठून जवळ आली. कारण त्या मिशीला पंचक्रोशीत एक पत होती. ओठ पूर्ण झाकून ती गालावर पसरायची आणि तिथून दोन्हीकडं वळून कानांच्या चौकशीला निघायची. पाबळच्या बाजूनं येणाऱ्या पाहुण्याला वस्तीचा पत्ता सांगताना 'शाळा गेल्यावर मिशी लागंल, तिथून डावीकडं' असं सांगत.

तर ठरलं असं. अक्षयतृतीयेला, म्हणजे आखितीला, वस्तीतल्या पोरांनी पारावर बसून, सगळ्यांच्या देखत, कुणी बळजबरी न करता घरचा खाऊ खायचा. खाल्ला, तर बापूसाहेब माळा दारावरून काढून आत साखरेच्या पिंपामागं टांगणार, जिथं पोराची नजर पोचत नाही. नाही खाल्ला, तर पाबळहून हौशीराम न्हाव्याला बोलावून तिथंच मिशी उतरवायची.

आप्पा घरी आले आणि चुलीजवळ टेकले. राजश्री मूळची दौंडची, पण लग्न होऊन आल्यावर इकडच्या रीतीनं सासूला आत्या आणि सासऱ्याला मामा म्हणायला शिकली होती.

"राजश्री, पोरास्नी कायतरी खाऊ कर."

"करते की मामा. किती पोरांना?"

"वस्तीतल्या सगळ्या."

"कवापर्यंत?"

"आखितीपर्यंत. खाल्लं न्हाई तर मिशी जाईल."

"कुणाची?" राजश्रीनं विचारलं, कारण घरात मिशी असलेली माणसं दोन होती. तिचा नवरा हनुमंत नुकताच रांजणगावच्या कंपनीत सेकंड शिफ्टला जायला निघाला होता. त्यानं नकळत आपल्या ओठावरून हात फिरवला आणि गाडीला किक मारून निघून गेला.

मिशीचं राजश्रीला फार काही वाटलं नाही. सासऱ्याची मिशी ही काही सुनेनं काळजी करावी अशी वस्तू नाही. पण माळा दारावरून आत जाणार, हे कळल्यावर तिचा पिठातला हात थांबला. गेलं वर्षभर ती बापूसाहेबांना हेच सांगत होती आणि बापूसाहेब 'बघू की पोरी' म्हणत होते. आता एकाएकी ते तिच्या कढईवर येऊन ठेपलं होतं.

"करते," ती म्हणाली. "पण दुकानातनं काय आणायचं न्हाई. घरात हाय त्यातलंच."

"तेच म्हणतोय मी," आप्पा म्हणाले. त्यांनी तसं काही म्हटलं नव्हतं.

पहिल्यांदा तिनं शिळ्या चपात्या कात्रीनं पट्ट्या पट्ट्या कापून तळल्या, वर तिखट-मीठ आणि चिमूटभर आमचूर. वास असा सुटला की शेजारची दोन कुत्री आपसातलं भांडण सोडून दारात येऊन बसली. वस्तीतली पोरं आली, ओळीनं उभी राहिली, परातीकडं बघितलं आणि म्हणाली, "नको काकू."

मग तिनं शेंगदाणे भाजून, गुळात कुटून लाडू वळले.

"नको काकू. पोट भरलंय."

राजश्रीला जरा चमत्कारिक वाटलं. चव न आवडणं ती समजू शकत होती. पण वस्तीतली पोरं इतक्या अदबीनं आजवर कधी कशाला नको म्हणाली नव्हती. कालपर्यंत हीच पोरं कच्च्या चिंचेवरून एकमेकांचे केस उपटत होती.

शेवटी तिनं हुकमाचं पान काढलं. खारोड्या. बाजरी भरडून घेतली, शिजवली, त्यात लसूण, मिरची, तीळ, मीठ घातलं, आणि घट्ट झालेल्या त्या ऐवजाचे बोराएवढे गोळे स्लॅबवर धुतलेल्या धोतरावर घातले. एकदा उन्हात कडकडीत वाळल्या की वर्षभर टिकतात. शेंगदाण्यासोबत नुसत्या खा, नाही तर तेलात सोडा. खर्च म्हणाल तर ऊन फुकट आहे आणि बाजरी घरची.

राखण आप्पांनी अंगावर घेतली. पूर्वी रात्री मेंढरं कोंडायला जाळीचं कुंपण लागायचं, ती वाघर माळ्यावर धूळ खात पडली होती. ती काढून त्यांनी खारोड्यांभोवती उभी केली आणि हातात गोफण घेऊन मधोमध बसले. लांडगा आला असता तर एकही खारोडी उचलू शकला नसता. कावळे मात्र वरून आले, कारण वाघरीला छत नसतं.

खारोड्या वाळल्या, पत्र्याच्या डब्यात गेल्या. पोरांना बोलावलं.

"नको काकू. आत्ताच जेवलो."

"कुठं जेवलास रे? तुझी आई तर रानात हाय!"

"मनात जेवलो, काकू."

आप्पा रात्री जेवले नाहीत. सकाळी ते बराच वेळ पाण्याच्या पिंपात वाकून बघत होते. राजश्रीला वाटलं, पाण्यात काही पडलंय. मग तिच्या लक्षात आलं, ते मिशी बघत होते.

आणि त्याच सकाळी दुसरी एक गोष्ट तिच्या लक्षात आली. डबा हलका लागत होता.

डब्याचं झाकण घट्ट. उंदीर झाकण परत लावत नाही. हनुमंत घरात नव्हता, आप्पांच्या घशाखाली काही उतरत नव्हतं. राजश्रीनं डब्याच्या झाकणाला बाहेरून हळद लावून ठेवली. हा दौंडचा उपाय. तिच्या माहेरी आजी लोणच्याच्या बरणीला लावायची.

दुपारी रोहन पिवळ्या बोटांनी अंगणात गोट्या खेळत होता.

"हिकडं ये," राजश्री म्हणाली. "खिशात काय हाय?"

"गोट्या."

"आन् ह्या खिशात?"

त्या खिशात खारोड्या होत्या. शेंगदाणेही होते. व्यवस्था चांगली होती.

"आवडत्यात तुला?"

रोहननं मान हलवली. "लई भारी झाल्यात. सगळ्यांना आवडल्यात. चपातीच्या पट्ट्या पण आवडल्या. परात तू उंबऱ्यावर ठिवून झोपली व्हतीस ना, तवा खाल्ल्या."

"मग समोर दिल्यावर का खात न्हाई रे, भामट्या?"

"सोनमनं शपथ घातलीय. आखिती होईस्तोवर कुणाच्या देखत खायचं न्हाई."

सोनम ही बापूसाहेबांची नात. वय आठ. मेंढरांच्या कळपात सगळ्यात पुढं गळ्यात घंटा बांधलेली एक शेळी चालते, ती वळली की शंभर मेंढरं मान खाली घालून वळतात. वस्तीतल्या पोरांत ती घंटा सोनमच्या गळ्यात होती.

"आजोबाचं दुकान म्हणून व्हय?"

"न्हाई गं. दुकानाचं तिला काय न्हाई. ती म्हणते, पुड्या खाऊन खाऊन तिला वीट आलाय." रोहननं इकडंतिकडं बघून आवाज खाली आणला. "पण आपण खाल्लं तर आप्पांची मिशी कापणार न्हाईत. आन् आम्हाला सगळ्यांना मिशी कापताना बघायचीय."

राजश्री पायरीवर बसली. म्हणजे खाऊ जिंकला होता. खाऊ पहिल्याच दिवशी जिंकला होता. आप्पा हरत होते ते मिशीमुळं.

"पण खाल्लं तर मिशी वाचते, हे पैजेतलं बारीक तुम्हाला कुणी सांगितलं?"

रोहन म्हणाला, "आजीनं."

आजी, म्हणजे राजश्रीच्या सासूबाई, पार्वतीबाई परसात लसूण सोलत होत्या. राजश्री समोर जाऊन उभी राहिली.

"आत्या, पोरांना तुम्ही फितवलं?"

पार्वतीबाईंनी पाकळी सोलून पूर्ण केली. "मी कशाला फितवू? मी आपली पैज समजावून सांगितली. पोरं हुशार हायेत."

"मामांची मिशी जाईल की!"

"जाऊ दे." पार्वतीबाईंनी लसूण खाली ठेवला. "हे बघ राजश्री. चाळीस वर्सं झाली लग्नाला. अंतरपाट खाली घेतला तर पलीकडं मिशीच उभी. तवापासून मी मिशीबरूबर संसार करते. हा माणूस हसतोय का दात आवळतोय ते मला आजवर कळलेलं न्हाई. मला ह्यांचा वरचा ओठ एकदा बघायचाय. हाय का न्हाई, तेवढंच."

राजश्रीनं खाली बसून चार पाकळ्या सोलल्या आणि ती उठली.

संध्याकाळी तिनं सगळं आप्पांच्या कानावर घातलं, फक्त आत्यांचं नाव वगळून. आप्पा आधी खूश झाले, मग त्यांना पुढचं कळलं. ते तडक सोनमकडं गेले. राजश्री रोहनला शोधायच्या निमित्तानं मागं गेली.

सोनम पारावर पाय हलवत बसली होती.

"सोनाबाई, पोरास्नी शपथ सोडा म्हणावं. काय घेशील?"

"मिशी."

"ती सोडून."

"मग काय नको."

"कोकरू देतो खेळायला."

"आमच्याकडं वासरू हाय."

"शिरूरच्या बाजारला नेतो. यष्टीतनं, खिडकीला बसवून."

सोनमनं विचार केला. पाय हलायचे थांबले.

"आप्पा," सोनम म्हणाली, "यष्टी रोज असती."

आप्पा परत आले ते गोठ्यात जाऊन बसले. आखिती उद्यावर आली होती. राजश्री चहा घेऊन गेली आणि आत्तापर्यंत मनात घोळत होतं ते बोलून मोकळी झाली.

"मामा, पोरं खायला तयार हायेत. पण मिशी हाय तवर खाणार न्हाईत."

"म्हंजी मिशी गेली तर खातील?"

"व्हय."

"आन् खाल्लं तर मिशी वाचंल?"

"व्हय."

आप्पांनी चहा संपवला. कप उपडा घातला. "दोन्हीकडनं पटतंय," ते म्हणाले, आणि सवयीनं शेळीकडं वळले.

आखितीच्या दिवशी उजाडताच राजश्री अंगण झाडायला उठली, तर आप्पा गोठ्यासमोर घोंगडीवर बसलेले. मांडीवर मेंढरं कातरायची जुनी कातर, दगडावर घासून लख्ख केलेली.

"आरसा धर," ते म्हणाले.

"मामा, हौशीराम येणारच हाय की दुपारी."

"हरल्यावर परक्यानं उतरवायची मिशी. मी हरलोय कुठं?" आप्पांनी एक टोक दोन बोटांत धरलं. "अगं, हजारानं मेंढरं कातरली या हातानं. एक मेंढरू लोकरीसाठी रडलेलं बघितलं न्हाई. चार पावसाळी ढग आले की पुन्हा हायेच लोकर. पण त्या माळा एकदा दारावर राहिल्या की राहिल्या. आन् तू आठवडाभर उन्हात त्या चिल्लर खारोड्या घालत बसलीस, ते मी बघितलंय. धर नीट."

राजश्रीनं आरसा धरला. तिचं लक्ष कातरीकडं होतं, म्हणून आप्पांना आरशात आळीपाळीनं मिशी आणि सूर्य दिसत होता. कातर दोनदा वाजली. मिशी घोंगडीवर पडली आणि पडल्यावरही तशीच आकडेबाज राहिली.

आप्पांनी ओठावरून बोट फिरवलं. "गार लागतंय गं," ते बारीक आवाजात म्हणाले.

मग सवयीनं त्यांनी मिशी उचलून शेळीपुढं धरली. शेळीनं हुंगली आणि तोंड फिरवलं.

"हिला पुडीच बरी," आप्पा म्हणाले आणि उठले. घरचा कुत्रा त्यांच्यावर भुंकत उंबऱ्यापर्यंत गेला.

उन्हं वर आली तशी वस्ती पारावर गोळा झाली. हौशीराम पेटी घेऊन पाबळहून आला होता. बापूसाहेब दुकानाच्या पायरीवर. पोरं ओळीनं मांडी घालून, तोंडं मिटून, डोळे चमकवत. समोर परातीत खारोड्या, शेंगदाणे, चपातीच्या पट्ट्या, लाडू. आप्पा टॉवेलनं नाकापासून खाली तोंड झाकून आले, तेव्हा सगळ्यांना वाटलं ऊन लागलंय.

"खा रे पोरांनो," राजश्री म्हणाली.

"नको काकू," पोरं एका सुरात म्हणाली.

बापूसाहेबांनी हौशीरामकडं बघितलं. हौशीरामनं पेटी उघडली. पोरं पुढं सरकली.

आणि आप्पांनी टॉवेल काढला.

वस्तीला पहिल्यांदाच कळलं की आप्पांचा चेहरा पूर्वी वाटायचा त्याच्या निम्माच आहे. रोहननं शेजारच्याला विचारलं, "हे कोण?" मग पहिलं हसू कुणाचं फुटलं ते कळलं नाही, पण सगळी ओळ लोळायला लागली. सगळ्यात शेवटी आप्पाही हसले, आणि ते हसतायत हे या वेळी सगळ्यांना दिसलं.

सोनम मात्र हसत नव्हती. तिनं आप्पांकडं बघितलं, हौशीरामच्या पेटीकडं बघितलं, परातीकडं बघितलं. आता उपाशी राहण्यात काही राम उरला नव्हता.

"शपथ सुटली," ती म्हणाली.

"सुटली, सुटली!" पोरं ओरडली, आणि परातीवर अशी पडली की राजश्रीला परात धरून ठेवावी लागली. मनात जेवलेला पोरगा दोन्ही हातांनी खात होता.

"थांबा, थांबा," बापूसाहेब म्हणाले. "आप्पा, मिशी तर गेली तुमची. म्हंजी तुम्ही हरला."

"अट काय व्हती? पोरांनी खाल्लं न्हाई तर मिशी उतरवायची."

"व्हय."

"खाल्लं तर उतरवायची न्हाई, असं कुठं ठरलं व्हतं?"

बापूसाहेब सरळ मनाचे गृहस्थ. त्यांनी बराच वेळ विचार केला. दोनदा बोटांवर काहीतरी मोजलं. मग परातीतली एक खारोडी उचलून तोंडात टाकली, चावली, आणखी एक उचलली, आणि स्टूल आणायला आत गेले. माळा एकेक करून दारावरून उतरल्या आणि साखरेच्या पिंपामागं गेल्या. रिकाम्या दाराकडं राजश्री बघत राहिली. दुकानाला दार एवढं रुंद आहे हे तिला ठाऊकच नव्हतं.

हौशीरामनं 'आलोच हाय तर' म्हणून आप्पांच्या ओठावर कातरीनं राहिलेले खुंट नीट केले आणि बिदागीला पसाभर खारोड्या घेऊन गेला.

हा सगळा दंगा चालू असताना पार्वतीबाई बायकांच्या घोळक्यातून वाट काढत पुढं आल्या. चाळीस वर्षांची वाट बघून झाली होती. त्यांनी आप्पांचा चेहरा उजवीकडून बघितला, डावीकडून बघितला. ओठ होता. वरचाही होता. आणि मग त्यांचा चेहरा एकदम पडला.

"अगं बाई," त्या राजश्रीच्या कानात म्हणाल्या, "ह्या तर सासूबाई!"

राजश्रीनं नीट बघितलं. घरात देव्हाऱ्याशेजारी आप्पांच्या आईचा, म्हणजे थोरल्या सासूबाईंचा, हार घातलेला फोटो होता. तोच दाबून धरलेला ओठ, आणि सुनेच्या हातून काहीतरी सांडणार आहे याची खात्री असलेली तीच नजर.

पार्वतीबाईंचा हात आपोआप वर गेला आणि डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत खाली आला.

"काय गं, चहा टाकतेस का?" आप्पांनी विचारलं.

"टाकते, आत्याबाई," पार्वतीबाई म्हणाल्या, आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदा उलट उत्तर न देता लगबगीनं घराकडं निघाल्या.

पुढं कितीतरी दिवस तो पदर काही वर गेला नाही. आप्पांचे ते दिवस फार सुखाचे गेले. ओठावर मिशीचे खुंट दिसू लागल्यावर राजश्रीनं त्यांना विचारलंही, "मामा, वाढवताय ना परत?"

आप्पा स्लॅबवर बसून खारोड्यांचा दुसरा घाणा राखत होते, आणि सोनम त्यांच्या शेजारी गोफण घेऊन कावळ्यांवर नेम धरत होती. त्यांनी ओठावरून बोट फिरवलं, खाली अंगणात डोक्यावर पदर घेऊन निमूटपणे चहा गाळणाऱ्या बायकोकडं बघितलं.

"बघू की पोरी," आप्पा म्हणाले.